‘सेकंड हाफ ढेपाळला’ म्हणजे नेमकं कुठे?

सप्रेम नमस्कार,

मुलुंडला आमच्या वाचनालयात काचेचा फलक आहे. त्यावर दर पंधरवड्याला ‘नुकतेच पाहिलेले’ या मथळ्याखाली मी साधारण 300 शब्द लिहितो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून आठवड्याला दोन चित्रपट होतातच, एक थिएटरात आणि एक घरी. सुरुवातीला लोक थांबून वाचायचे. परवा ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “काका, नाव झाकलं तर कुठल्या चित्रपटावर लिहिलंय ते कळत नाही हो.” लागलं मनाला. जुने कागद काढून पाहिले, तर अकरापैकी आठांत ‘सेकंड हाफ थोडा ढेपाळतो’ हे वाक्य आहे!

शिवाय तीन आठवडे गेले की पाहिलेलं सगळं पुसून जातं. मागच्या महिन्यात एक चित्रपट मला फार आवडला होता. पण मी लिहायच्या आत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी त्याची एवढी टिंगल केली, की मी ‘ठीकठाक’ लिहून मोकळा झालो. अजून टोचतंय. आणखी एका चित्रपटात निम्मे संवाद ऐकू आले नाहीत म्हणून मी ध्वनीवर टीका केली, तर दुसऱ्या थिएटरात तोच पाहून आलेला पुतण्या म्हणतो, तिथे सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. आणि कार्यकारिणीला आता माझ्याकडून स्टार हवेत. शेवटचे तीन कागद सोबत जोडले आहेत. काय करू?

— एक फलकलेखक, मुलुंड (पूर्व)

*

नमस्कार.

तिन्ही कागद दोनदा वाचले. चित्रपटांची नावं इथे मुद्दाम छापत नाही. नाव दिसलं की वाचक तुमचं पत्र बाजूला ठेवून त्या चित्रपटावरच भांडायला लागतात. ग्रंथपाल बाईंचं निदान अचूक आहे. पहिल्या कागदावर 312 शब्द आहेत. त्यातले दोनशेच्या आसपास गोष्ट सांगण्यात गेले. उरलेल्यांत ‘अप्रतिम’ दोनदा, ‘दमदार’ तीनदा, ‘मनाला भिडणारा’ एकदा. पडद्यावर तुम्ही खरोखर काही पाहिलंत याचा पुरावा अख्ख्या कागदात एकच सापडला: ‘आजी बसते तेव्हा पाट डगमगतो.’ हे वाक्य त्या एकाच चित्रपटाबद्दल लिहिता येतं. अशी चार वाक्यं झाली की बाईंनी नाव झाकून पाहावं खुशाल.

तेव्हा बाकी काही नाही जमलं तरी एवढं पाळा. विशेषण लिहायच्या आधी ते ज्या दृश्यावर, आवाजावर किंवा संवादावर उभं आहे, ते लिहा. ते नीट लिहिलं की बहुतेक वेळा विशेषण खोडावंसं वाटतं.

समजा, पडद्यावर असं घडतं: नवरा कामावरून येतो, डबा ओट्यावर ठेवतो आणि मोरीत हातपाय धुवायला जातो. बायको डबा उघडते. पोळ्या तशाच. ती क्षणभर बघते, झाकण लावते आणि डबा न धुता फडताळात मागे सरकवते. मोरीत पाणी चालूच. यावर तुमच्या हातून येईल, ‘पतिपत्नीमधला दुरावा दिग्दर्शकाने अतिशय संयतपणे मांडला आहे.’ हे वाक्य गेल्या चाळीस वर्षांतल्या शंभर चित्रपटांना चालेल. त्याऐवजी असं लिहून बघा: ‘भरलेला डबा ती न धुता मागे सरकवते, भांडण होत नाही, मोरीतलं पाणी तेवढं वाहत राहतं.’ आठ शब्द जास्त गेले, पण ‘संयत’ म्हणावं लागलं नाही आणि वाचकाला घर दिसलं.

आता याच चित्रपटात पुढच्याच दृश्यात ती शेजारणीला सांगते, “हल्ली हे डबासुद्धा खात नाहीत.” इथे खरी तक्रार करायला जागा आहे. डोळ्यांनी कळलेली गोष्ट पुन्हा कानात ओतली. चित्रपट असा पाच-सहा वेळा थांबला की प्रेक्षक चुळबुळतो, मोबाइल काढतो आणि बाहेर पडताना म्हणतो, सेकंड हाफ ढेपाळला. तो खोटं बोलत नसतो. त्याला दुखतंय हे कळतं, कुठे ते सांगता येत नाही. फलकावर लिहिणाऱ्याने मात्र ते सांगायला हवं.

त्यासाठी मध्यंतराचं गणित लक्षात घ्या. आपल्याकडचे हिंदी-मराठी चित्रपट मध्यंतर धरून लिहिलेले असतात. मध्यंतराच्या ठोक्याला गाठ मारायची आणि उत्तरार्धात ती सोडवायची, अशी ही बांधणी. गाठ मारणं सोपं असतं, सोडवणं अवघड; त्यात पूर्वार्धात पेरलेलं सगळं उत्तरार्धात वसूल करावं लागतं. म्हणून आपल्या चित्रपटांत उत्तरार्ध अडखळणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि ‘ढेपाळतो’ हे वाक्य बऱ्याचदा खरं ठरतं. पण तुमचा दुसरा कागद एका इंग्रजी चित्रपटावर आहे आणि त्यातही ‘मध्यंतरानंतर पकड सुटते’ असं लिहिलंय. परदेशी चित्रपटांना सहसा मध्यंतर नसतंच. ते आपली थिएटरं पाडतात, अर्ध्यावर, कधी चालू प्रसंगाच्या मधोमध. दिग्दर्शकाने ताणत नेलेली दोरी मधेच कापायची, पंधरा मिनिटं पॉपकॉर्नच्या रांगेत उभं राहायचं आणि परत येऊन म्हणायचं, पकड सुटली! हा आळ दिग्दर्शकावर घेऊ नका.

पुढच्या वेळी असं करा. ज्या क्षणी मनगटावरच्या घड्याळाकडे पहिल्यांदा नजर जाईल, ती वेळ आणि तेव्हा पडद्यावर काय चाललं होतं ते मनात पक्कं करा. घरी आल्यावर त्या जागेला तीन प्रश्न विचारा. हे मला आधीच माहीत होतं का? असेल तर पुनरुक्ती, म्हणजे दोष बहुधा पटकथेचा. या माणसाला आत्ता काय हवंय ते मला माहीत होतं का? नसेल तर पात्राला हेतूच उरलेला नाही. उत्तरार्धात हे फार होतं, कारण मध्यंतराला नायकाला हवं ते मिळालेलं असतं आणि नवीन काही हवंसं वाटायला लेखकाने कारण दिलेलं नसतं. आणि ही दोन्ही उत्तरं ठीक असतील, तर दृश्य गरजेपेक्षा लांबलं का? तिसरा प्रश्न शेवटी विचारायचा, कारण लांबी हा दोष सगळ्यांत आधी सुचतो आणि सगळ्यांत कमी वेळा खरा असतो.

लांबीबद्दल अंदाजाने बोलू नका, मोजा. घरी पाहत असाल तर कुठलीही 3 मिनिटं निवडा आणि चित्र जितक्या वेळा तुटून दुसरं येतं तितक्या रेघा कागदावर मारा. 180 सेकंदांत 60 रेघा म्हणजे एक शॉट सरासरी 3 सेकंदांचा. 6 रेघा म्हणजे 30 सेकंदांचा. मारामारीच्या चित्रपटात 60 रेघा मारूनही कंटाळा येतो आणि एखाद्या ठिकाणी सहाच रेघांत श्वास अडकतो. ‘संथ’ आणि ‘कंटाळवाणा’ हे शब्द तुम्ही एकाच अर्थाने वापरता. हा प्रयोग दोन-तीनदा केलात की ते आपोआप वेगळे होतील.

सरावाला चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ घ्या. 2014 चा, आपल्याच मुंबईतला. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी, थोडा लांब उभा, आणि काम संपलं तरी लगेच निघत नाही. शेवटाकडे कोर्टाचं कामकाज संपतं, माणसं निघून जातात, दिवे मालवतात, खोली अंधारात जाते आणि आपण त्या अंधारात बसून राहतो. चित्रपट संपला असं वाटतं. तो संपत नाही. पुढे न्यायाधीशांची सुट्टीतली सहल येते. आता वरचे तीन प्रश्न त्या अंधाराला विचारा. माहीत होतं का? नाही. कोणाला काही हवंय का? खोलीत माणूसच नाही. मग लांबलंय का? याचं उत्तर तुमचं तुम्ही द्या, पण त्या अंधाराचा उल्लेख करून द्या. नुसतं ‘चित्रपट संथ आहे’ म्हणणाऱ्याने तो पाहिलाय की नाही, अशी शंका घ्यायला जागा राहते.

आवाजाकडेही असंच लक्ष द्या. 2016 च्या ‘सैराट’ची गाणी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत मोठ्या वाद्यवृंदावर ध्वनिमुद्रित झाली आणि पूर्वार्ध त्या सुरांनी तुडुंब भरलेला आहे. त्याच चित्रपटाचा शेवट मुका आहे. मूल रडतं, रडणं ऐकू येत नाही. (शेवट सांगितला म्हणून कोणी रागावू नये, चित्रपट येऊन बरीच वर्षं झाली.) शेवट ‘सुन्न करणारा’ आहे असं सगळ्यांनी लिहिलं, तो का सुन्न करतो याचं निम्मं उत्तर त्या बंद केलेल्या आवाजात आहे, आणि ती शांतता जड लागते ती आधी एवढं संगीत वाजलं म्हणून.

विसरण्याचं म्हणाल, तर त्यावर उपाय फार साधा आहे. खिशात मावणारी, तळहाताएवढी वही आणि शिसपेन्सिल. टिकटिक करणारं बॉलपेन नको आणि मोबाइल तर नकोच; त्याचा उजेड मागच्या तीन रांगांच्या डोळ्यांत जातो. चित्रपट चालू असताना फक्त खुणेचे शब्द, अंधारात, न बघता, मोठ्या अक्षरांत आणि प्रत्येक पानावर एकच: ‘डबा’, ‘जिन्यावरची लाल चप्पल’, ‘आई दोनदा तेच’. संपूर्ण खेळात दहापेक्षा जास्त नकोत, नाहीतर लिहिण्याच्या नादात पाहणं सुटतं. मध्यंतरात एकच ओळ: पुढे काय होईल असं वाटतंय? ही ओळ फार कामाची. चित्रपटाने तुम्हाला चकवलं की तुमचाच अंदाज खरा ठरला, हे नंतर लिखित पुराव्यासकट कळतं. घरी येऊन ‘मला आधीच कळलं होतं’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना काही कळलेलं नसतं.

बाहेर पडल्यावर तासाभरात त्या खुणा वाक्यांत उलगडा. लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथेच. सकाळपर्यंत थांबलात तर ‘लाल चप्पल’ का लिहिलं ते आठवणार नाही. पानाच्या माथ्यावर तारीख, वार, खेळ, सभागृह, कुठली रांग, मूळ भाषेत की डब केलेला, आणि सभागृह किती भरलं होतं. शेवटची नोंद फालतू वाटेल. पण दादरला शनिवारी भरल्या घरात पाहिलेला विनोदी चित्रपट आणि तोच मंगळवारी दुपारी अकरा माणसांत पाहिलेला, यांत हशा सारखा कसा असेल? तुमच्या तिसऱ्या कागदावर ‘विनोद जमले नाहीत’ असं आहे. कोणाला जमले नाहीत, लेखकाला की रिकाम्या खुर्च्यांना?

आता पुतण्याचं प्रकरण. यावर सविस्तर बोलायला हवं, कारण यात तुमच्याकडून एखाद्यावर अन्याय झालेला असू शकतो.

थिएटरात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. तो पडद्याच्या मागे असतो. पडद्याला बारीक छिद्रं असतात, त्यांतून आवाज पुढे येतो. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना आणखी दोन, भिंतींवर आजूबाजूचे, आणि घुमणारा खालचा आवाज वेगळा. मधला स्पीकर दबला असेल किंवा बिघडला असेल, तर संगीत दणदणीत आणि माणसं कुजबुजल्यासारखी, असा प्रकार होतो. दुसरं कारण आवाजाची पातळी. डॉल्बीच्या थिएटर-यंत्रावर 7 हा आकडा प्रमाण धरलेला आहे. ध्वनिमिश्रण करणारे, म्हणजे संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज एकत्र जुळवणारे, त्याच पातळीला ऐकून मिश्रण करतात. सभागृहात ‘आवाज फार मोठा’ अशी तक्रार आली की तो खाली आणला जातो. मग हाणामारी सुसह्य होते आणि हळू बोललेलं वाक्य एसीच्या घरघरीत बुडतं. तिसरं कारण तुमची खुर्ची. कडेला भिंतीलगत बसलात तर भिंतीवरचा स्पीकर तुमच्या कानाशी आणि मधला लांब. पडद्यापासून साधारण दोन-तृतीयांश मागे, रांगेच्या मध्यावर बसा. तिकीट काढताना नकाशात पडदा कुठल्या बाजूला दाखवलाय ते आधी बघा; ‘ए’ रांग काही ठिकाणी सगळ्यांत पुढे असते, काही ठिकाणी सगळ्यांत मागे.

दोष कोणाचा हे ओळखायची सोपी खूण सांगते. चित्रपटाच्या आधीच्या जाहिराती आणि ट्रेलर यांतलं बोलणंही बुडत असेल, तर चित्रपट निर्दोष आहे. सगळीकडचं बोलणं स्वच्छ आणि फक्त एकाच पात्राचं अस्पष्ट, तर तो अभिनेत्याचा उच्चार किंवा चित्रीकरणाच्या जागेवरचं ध्वनिमुद्रण. एकाच प्रकारच्या दृश्यांत, म्हणजे पार्श्वसंगीत चढलं की बोलणं बुडतं आणि एरवी नाही, असं असेल तर मिश्रणाकडे बोट दाखवायला हरकत नाही, पण दुसऱ्या सभागृहात वीस मिनिटं ऐकल्यावरच. ओटीटीवर आल्यावर ऐकून खात्री करू म्हणाल, तर तो पुरावा कच्चा; घरासाठी बऱ्याचदा वेगळं मिश्रण केलेलं असतं.

चित्रासाठी सेन्सॉरचं प्रमाणपत्र वापरा. ते सुरुवातीला निदान 10 सेकंद पडद्यावर ठेवावं लागतं. लोक तेव्हा खुर्च्या शोधत असतात. तुम्ही तेवढ्यात दोन गोष्टी पाहा. बारीक अक्षरं कडेपर्यंत रेखीव आहेत का? नसतील तर फोकस गेलाय. कागदाची पांढरी पार्श्वभूमी पांढरी दिसते की मळकट? मळकट असेल तर प्रोजेक्टरचा दिवा थकलाय, किंवा थ्रीडीसाठी लावलेला फिल्टर साध्या चित्रपटाच्या वेळी काढायचा राहिलाय. अशा पडद्यावर रात्रीचं दृश्य पाहून ‘छायाचित्रण फार काळोखं’ लिहिणं म्हणजे चष्मा न पुसता हवामानाचा अंदाज सांगणं. चित्रपटाची लांबीही त्याच प्रमाणपत्रावर मिनिटांत असते, ती वहीत उतरवा. चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या तर रुंद चौकटीचा, म्हणजे 2.39:1 (रुंदी:उंची) चा चित्रपट 1.85:1 च्या पडद्यावर चाललाय, एवढाच अर्थ. आणि सिगारेटच्या दृश्यात खाली येणाऱ्या पांढऱ्या सूचनेकडे डोळा जातोच. तीही दिग्दर्शकाची हौस नसते.

काही बिघडलेलं दिसलं तर पहिल्या दहा मिनिटांत उठून दारावरच्या माणसाला सांगा, आणि नेमकं सांगा: ‘बोलणं मधून येत नाहीये’, ‘पडदा अंधुक आहे’. ‘काहीतरी गडबड आहे’ यावर कोणी प्रोजेक्टर बघायला जात नाही.

तुमच्या त्या कागदाचं काय? पुढच्या पंधरवड्याला दोन ओळी खाली जोडा: ‘मागच्या वेळी ध्वनीवर केलेली टीका एकाच सभागृहातल्या एका खेळावरून होती. दुसरीकडे संवाद स्वच्छ ऐकू आल्याचं एका वाचकाने कळवलं आहे.’ माफीचं भारूड लावायची गरज नाही. उलट लोक फलकापाशी पुन्हा थांबतील.

घरी पाहता त्या चित्रपटाबद्दल थोडक्यात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते. सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो अशी नावं. ती बंद करा. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच बनवून घुसवतो आणि सगळं दुपारच्या मालिकेसारखं दिसायला लागतं. सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड निवडा, पडदे ओढा, ट्यूबलाइट घालवा. टीव्हीच्या पाठीतल्या बोटभर स्पीकरवर ऐकून पार्श्वसंगीतावर मत देऊ नका. दोन दिवसांत तुकड्यांनी पाहिलात तर गतीबद्दल गप्प बसा. दीडपट वेगाने पाहिलात तर सगळ्याबद्दलच.

‘ठीकठाक’ची टोचणी वेगळी आहे. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, चारचौघांत असं होतं. पण क्रम बदला. मत आधी लिहा, मग फिरायला जा. वहीत दोन रकाने ठेवा: ‘मला आवडलं’ आणि ‘चांगलं केलंय’. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरं जुळलीच पाहिजेत असं कुठे आहे? ढोबळ पटकथा, गोंधळलेला शेवट आणि तरीही गिरणगावातली ती एक खोली पाहून गलबलून आलं, असं होऊ शकतं. मग तेच लिहायचं. ‘शेवट फसलाय, हे मान्य. खोलीतल्या त्या दहा मिनिटांसाठी मी पुन्हा जाईन.’ यावर टिंगल करायला फारशी जागा उरत नाही, कारण कमजोरी तुम्ही आधीच मोजून दिलेली आहे. पंधरा दिवसांनी मत बदललं तर जुनं खोडू नका. खाली तारीख घालून नवं लिहा. त्या आवडलेल्या चित्रपटावरही असंच, ‘ठीकठाक’खाली नवी तारीख घालून, लिहायला अजून उशीर झालेला नाही.

फिरणाऱ्या मंडळींपैकी कोणी ‘अगदीच टाकाऊ’ म्हणालं, तर वाद घालू नका. ‘कुठलं दृश्य?’ एवढंच विचारा. दृश्य सांगता आलं तर ऐकून घ्या, तुम्हाला निसटलेलं काही सापडेल. नाही आलं तर विषय आपोआप गुडघेदुखीवर जातो. मुद्द्याला धरून बोलणाऱ्यांची संगत हवी असेल, तर प्रभात चित्र मंडळासारखी फिल्म सोसायटी आपल्या शहरात 1968 पासून आहे. तिथे दहा-बारा खेळ गाठलेत तर या सदराची गरज उरणार नाही.

मुंबईकर प्रेक्षकाला एक खोड असते, तिच्यावरही बोलून टाकते. तुमच्या तिसऱ्या कागदाचा एक अख्खा परिच्छेद, नायक दादरला पश्चिम रेल्वेच्या गाडीत चढतो आणि सीएसएमटीला उतरतो, यावर खर्च झालाय. चूक बरोबर पकडलीत, ती गाडी चर्चगेटला जाते. पण त्या चुकीने कथेत काही बिघडलं का? नायक वेळेत पोहोचतो की नाही यावर प्रसंग टांगलेला असेल तर जरूर लिहा. नसेल तर एका ओळीत उरका. त्यापेक्षा चाळीतल्या खोलीत कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही, जिन्यावरची पावलं, यांतलं काहीच ऐकू येत नाही आणि भांडण स्टुडिओत झाल्यासारखं कोरडं वाटतं, हे तुम्ही मुंबईकर म्हणून जास्त अधिकाराने सांगू शकाल.

300 शब्द कसे वाटायचे? गोष्टीला 50, तेही पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांपुरते. पुढचं उघड करायचं नाही. फलकापाशी शाळेतली मुलंही थांबतात आणि रविवारची तिकिटं काढलेले आजोबाही. दीडशे शब्द दोन किंवा फार तर तीन दृश्यांना, वरच्या डब्यासारखे, एक तरी बिनसलेलं धरून. अभिनयाबद्दल लिहिताना बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे बघा. समोरचा बोलत असताना ज्याचा चेहरा जागा असतो तो नट पक्का. संकलन उत्तम आहे असं सहज लिहू नका, काय कापून टाकलंय ते आपण पाहिलेलं नसतं. कुठला सांधा जाणवला तो सांगा. ‘कॅमेरा सुंदर’ हे कोकणातल्या पावसाचं कौतुक आहे की छायाचित्रकाराचं, ते आधी स्वतःला विचारा.

उरलेले शंभर शब्द कार्यकारिणीच्या कामाचे, स्टारच्या ऐवजी. साडेतीन स्टारमधून मुलुंडच्या माणसाला काय कळतं? लहान मुलांच्या विनोदी चित्रपटाला साडेतीन आणि फाळणीवरच्या चित्रपटालाही साडेतीन, म्हणजे दोन्ही सारखे का? त्या जागी कोणी पाहावा, कुठे पाहावा आणि कधी पाहावा, हे लिहा. प्रमाणपत्राची श्रेणीही टाका. यूएमध्ये आता 7+, 13+ आणि 16+ असे तीन प्रकार आहेत, आजी-आजोबांना नातवंडं घेऊन जाताना ते उपयोगी पडतं. ‘पैसा वसूल’ म्हणायचंच असेल तर किती पैसे ते लिहा: सकाळच्या खेळाला वसूल आणि शनिवारी संध्याकाळच्या दरात नाही, असे पुष्कळ चित्रपट असतात.

वेळेचा हिशोब तर द्याच. 3 तासांचा चित्रपट, खेळ रात्री 10:30 चा. जाहिराती आणि ट्रेलर यांची 15 मिनिटं, मध्यंतराची 15. सुटायला 2 वाजणार, म्हणजे शेवटची लोकल कधीच गेलेली. ‘चित्रपट उत्तम, पण दुपारचा खेळ गाठा, रात्री गेलात तर परतीची रिक्षा तिकिटाहून महाग पडेल’, असं वाक्य फलकावर आलं की कार्यकारिणी स्टारचं नाव काढणार नाही.